भिकाजीच्या लिलीला चढलेला रंग

"बुरशी येते ती आळशी माणसाच्या घरी, विहीणबाई. माझ्या लिलीला आजवर ना डाग, ना कीड, ना कूज. बुरशी आमच्या मयेच्या तळ्यापर्यंत येते, माझं नाव ऐकते आणि तशीच माघारी जाते."

भिकाजी हे बोलला तो कोरगावला, होणाऱ्या विहिणीच्या अंगणात उभा राहून. त्याच्या मुलीच्या, सायलीच्या, लग्नाची बोलणी करायला घरची मंडळी डिचोलीकडच्या मयेहून इथे पेडण्याकडे आली होती. मुलगा गौरेश सगळ्यांना पसंत होता, पत्रिका जुळल्या होत्या, देण्याघेण्याचा विषय दोन्हीकडच्यांनी शहाणपणा करून चहाबरोबरच संपवला होता. आता राहिली होती फक्त दोन बागांची ओळख. म्हणजे असं, की विहीण सुमंगलाबाईंची कोरगावात फुलझाडांची नर्सरी होती, आणि भिकाजीच्या दारात लिली होती.

नुसतं लिली म्हटलं की वाटतं, असतील चार कुंड्या. तसं नव्हतं. भिकाजीकडे पूर्वी खनिजाचा ट्रक होता. आमोण्याच्या धक्क्यावर माल ओतून यायचा. खाणी बंद पडल्या, त्याने ट्रक विकला, पण जुने टायर कोणी घेईना. मग त्याने एकेक टायर दारात आडवा टाकला, त्यात माती भरली आणि लिलीचे कांदे लावले. कर्ण्याएवढ्या तोंडाची ती केशरी लिली वैशाखात अशी फुलायची की तळं बघायला निघालेले पर्यटक तळं सोडून इथेच गाडी थांबवायचे. फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत टायर, लिली आणि मधोमध भिकाजी. "माझो फोटो दिल्लीत आसा, मुंबैत आसा," तो सांगायचा. कोणाच्या घरात आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण आहे याची खात्री होती.

"तसं नव्हे हो, व्याहीबुवा," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पण कधी नसायचं. पण ह्या वर्षी मागच्या दारी थोडा..."

"थोडासुद्धा येऊ द्यायचा नाही," भिकाजीने त्यांचं वाक्य मधेच हातात घेतलं. विहिणीशी तो शुद्ध मराठी बोलायचा, इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखा. "मी सांगतो ऐका. लग्नाचा मांडव, आमचा माटव, मी स्वतः सजवणार. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत माझ्या दारची लिली. विकतचं एक जरी फूल दिसलं, तर वऱ्हाड घेऊन खुशाल माघारी फिरा."

ही अट कोणी मागितली नव्हती. भिकाजीच्या बायकोने, मालतीने, डोळे मिटून घेतले. सायलीने गौरेशकडे बघितलं. गौरेशने छपराकडे बघितलं.

"बरं," सुमंगलाबाई म्हणाल्या. "लक्षात ठेवते."

जेवण झालं. आता पेडणे काय आणि डिचोली काय, जेवणानंतर माणूस आडवा होतो. मोठी मंडळी पलंगावर, बायका चटईवर, आणि गौरेशचे वडील तर बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, कदेलच्या खुर्चीत बसल्या बसल्याच झोपले. जागा राहिला एकटा भिकाजी. दुसऱ्याची बाग न बघता त्याला झोप येत नसे.

तो हळूच मागच्या दारी गेला. गोठा ओलांडला. गोठ्याच्या पलीकडे, सगळ्या बागेपासून लांब, भिंतीच्या आडोशाला तीन कुंड्या ठेवलेल्या होत्या. प्रत्येक कुंडीला लाल फीत बांधलेली. आत लिली. आणि लिलीच्या पानापानावर कुंकू शिंपडावं तसे लाल ठिपके, मधे मधे लाल रेघा, दांड्यावर तर चांगला लालभडक ओघळ.

भिकाजी उकिडवा बसला. त्याला सगळा उलगडा झाला. मागच्या दारी थोडा, असं ती म्हणत होती. थोडा काय? थोडा खास माल. आणि मग एकदम गप्प झाली. तिला गप्प आपण केलं, हे तो विसरला. एवढी लांब, एवढी लपवून, वर लाल फीत बांधून माणूस काय ठेवतो? जे दाखवायचं नसतं तेच.

आता सरळ जाऊन मागता आलं असतं. पण आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे, की मागून आणलेलं झाड मान टाकतं आणि चोरून आणलेलं लागतं. कोणी कोणाकडे कांदा मागत नाही, तो अपमान असतो, झाडाचा पण आणि माणसाचा पण. मालकाने झोपायचं, येणाऱ्याने न्यायचा. आमच्या गावातल्या सगळ्या बागा एकमेकांच्या दुपारच्या झोपेवर उभ्या आहेत.

भिकाजीने एका कुंडीतला कांदा उपसला, खड्ड्यात माती परत लोटली, वरून नीट दाबली, आणि कांदा मालतीच्या ओटीच्या पिशवीत टाकला.

घरी आल्यावर मालतीने पिशवी उघडली.

"ओटीतल्या नारळाक पानां कधीपासून फुटाक लागली?" तिने विचारलं.

"तो नारळ न्हय. कांदो तो."

"कोणी दिलो?"

"दिलो म्हणजे... घेतलो."

मालतीने कांदा दाराबाहेर ठेवला आणि पिशवी झटकली. तिच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्या स्वतःच्या माहेरची अबोलीसुद्धा भिकाजीने बोलण्यांच्याच दिवशी आणली होती.

नवा कांदा मधल्या टायरात, सगळ्यांच्या मधोमध बसला. भिकाजी रोज सकाळी पाइप घेऊन सगळ्या लिलींना डोक्यावरून आंघोळ घालायचा. मुळाशी पाणी घालणं त्याला कंजूषपणाचं वाटायचं. पाणी नव्या पानांवर पडायचं, तिथून उडून शेजारच्या पानांवर, तिथून पलीकडच्या टायरात. शिगमा आला तोपर्यंत शेजारच्या टायरातल्या पानांवर लाल ठिपके दिसायला लागले. मग त्याच्या शेजारच्या. रस्त्यावर रोमटाची, शिगम्याच्या मिरवणुकीची, माणसं गुलाल उधळत गेली त्या दिवशी भिकाजी दारात उभा राहून म्हणाला, "बघ गो मालती, माझी लिली पण शिगमो खेळता."

"बाबा, हे काहीतरी वेगळं दिसतंय," सायली म्हणाली. "टोकं जळल्यासारखी झालीत."

"रंग चढताना थोडी आग होतेच. तू नवरी, तुला अजून कळायचं आहे."

त्याने ट्रकची जुनी नंबरप्लेट शोधून काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलं: रक्तचंदन लिली. खाली बारीक अक्षरात: मये. आणि त्याखाली जरा मोठ्या अक्षरात: भिकाजी.

पाटी लागली आणि वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, खळबळ उडाली. पाटी लागलेलं झाड म्हणजे न्यायलाच हवं. दुपारी दोन ते चार या वेळात भिकाजीच्या टायरांतून कांदे कमी व्हायला लागले. तो झोपेचं सोंग घेऊन जनेलातून, खिडकीच्या फटीतून, बघायचा आणि खूश व्हायचा. ज्या बागेत चोरी होत नाही ती काय बाग? एका दुपारी कोणाकडूनच चोरी झाली नाही तेव्हा तो अस्वस्थ होऊन बाहेर येऊन बसला होता.

चैत्र लागला आणि दांडे वर आले. दांडे म्हणजे ज्यावर फूल येतं ते. दर वर्षी ते ताठ यायचे. ह्या वर्षी ते वर आले, थोडा विचार केला, आणि एका बाजूला वाकले. एका अंगाने लाल जळका पट्टा आणि त्याच अंगाला वाक. सगळी बाग पेडण्याच्या दिशेने बघत असल्यासारखी. मालतीने दिष्ट काढली. मीठ-मिरच्या चुलीत टाकल्या, घरभर ठसका उठला, लिली जागची हलली नाही. भिकाजीने एक कांदा हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघितला. अंगठा आत गेला.

"पिकलो," तो म्हणाला.

"कांदो पिकता?" मालती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी त्याने एक पान आणि तो पिकलेला कांदा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तो डिचोलीच्या कृषी कार्यालयात गेला. तिथे सिद्धेश नावाचा अधिकारी बसायचा. तरुण होता, सावकाश बोलायचा, आणि समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचा, त्यामुळे लोक समजायचे, ह्याच्याकडे वेळच वेळ आहे.

"माझा नाही हा," भिकाजीने पुडी मेजावर ठेवायच्या आधीच सांगितलं. "शेजारणीचा. ती बिचारी अडाणी. मी म्हटलं, मी विचारून येतो."

सिद्धेशने पान उजेडात धरलं. कांदा सुरीने कापला. आत पाकळ्यांसारख्या थरांवर लाल डाग होते.

"लाल करपा," तो म्हणाला. "बुरशी आहे."

"बुरशी?"

"लिलीला होतो. कांद्यातूनच येतो, पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतो. शेजारीण पाणी वरून मारते का?"

"मारते. सांगून ऐकत नाही."

"तिला म्हणावं मुळाशी घाल. आणि हे लागलेले कांदे काढून जाळायचे, पानांसकट. खुरपं प्रत्येक झाडानंतर उकळत्या पाण्यात बुडवायचं, नाहीतर खुरप्याबरोबर रोग चालत जाईल. जे कांदे चांगले उरतील ते बुरशीनाशकात बुडवून दुसरीकडे लावायचे. बाहेरून कांदा आणला होता का तिने?"

"म्हणजे?"

"हा आपोआप येत नाही सहसा. कोणाकडून तरी कांदा आलेला असतो. विचारा तिला."

"शेजारीण चोर नाही," भिकाजी म्हणाला. जरा मोठ्यानेच.

"चोर कुठे म्हटलं मी?" सिद्धेश म्हणाला.

वाटेत भिकाजीने विचार केला. जाळायचं तर माटव उघडा. माटव उघडा तर वऱ्हाड माघारी, ही अट त्याने स्वतःच्या तोंडाने घातलेली. लग्न काही मोडणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण सुमंगलाबाई माटवाखाली येऊन वर बघणार आणि "बरं" म्हणणार, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याने स्कूटर थांबवून एक लिंबूसोडा घेतला. सोडा संपता संपता त्याला उपाय सापडला. ह्या वर्षीचे चोर रक्तचंदन घेऊन गेले, ते गेले. पण मागच्या वर्षांतल्या चोऱ्या? त्या तर अस्सल, निरोगी, केशरी लिलीच्या होत्या. वाड्यावर प्रत्येक घरी त्याचीच लिली होती, फक्त दुसऱ्याच्या दारात. ती परत आणायची.

पहिलं घर सिंधूकाकीचं. काकी साठी ओलांडलेली, एकटी राहायची. तिच्या विहिरीच्या कडेला लिलीची अशी दाट रांग होती की भिकाजीला बघून अभिमान वाटला. दांडे ताठ, कळ्या टपोऱ्या. दुपारी तो खुरपं घेऊन कुंपणातून आत शिरला आणि उकिडवा बसला.

"काय शोधतस रे, भिकाजी?"

काकी बाल्कांवात बसून चिंचा सोलत होती.

"तू निजूक नाय, काकी?"

"माका दुपारची झोप येणा नाय. डॉक्टर म्हणता, वयान."

"म्हटलं, माझी लेक कशी आसा, बघून येऊया," भिकाजी म्हणाला. "तुझ्या घरात दिलेली."

"दिली खंय? मी चोरून आणली ती. तू घोरत हुतस."

"तेच ता. आता माका थोडे कांदे होये. सायलीच्या माटवाक."

"मगे ने ना, बाबा. सगळे ने. माझ्या हातान काढून देतंय." काकी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

"नको, नको. बस तू," भिकाजी घाईने म्हणाला. "तू दिलंस तर ते लागाचे नाय. महिन्यान लग्न आसा, काकी. माका जोखीम घेवक जमाची नाय."

काकीने चिंचा बाजूला ठेवल्या. "मगे काय करूया?"

"तू आत जाऊन नीज."

"झोप येणा नाय म्हणून सांगलंय ना."

"डोळे तरी मीट. जनेल बंद कर. मगे मी चोरतंय."

काकी आत गेली. जनेल बंद झालं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "निजलंय रे. आटप आता."

भिकाजीने खणायला सुरुवात केली. खुरपं तेच, आपल्या बागेतलं, कडेला लाल माती आणि लाल चिकटा लागलेलं. उकळतं पाणी शेजारणीला सांगितलेलं होतं, त्याला नव्हे.

"विहिरीकडचो एक ठेव," आतून काकी म्हणाली. "तो माका आवडता."

"तू निजलंस ना?"

"निजलंयच. झोपेत बोलतंय."

ही गोष्ट काकीने संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला सांगितली. मुलीच्या लग्नाचं काम म्हटल्यावर कोण मागे राहणार? दुसऱ्या दिवसापासून भिकाजी ज्या गल्लीत शिरेल तिथली जनेलं आपोआप मिटायला लागली. एका घरी पायरीवर सोलकढीचा तांब्या झाकून ठेवला होता. एका घरी नवरा-बायको दोघं उन्हात चटई टाकून अंगणात घोरत पडली होती, आणि भिकाजी चुकीच्या टोकाला खणायला लागला तेव्हा नवऱ्याने डोळे न उघडता बोटाने दुसरं टोक दाखवलं. इतकी मनापासून झोप वाड्याने कधी घेतली नव्हती.

कळ्यांसकट, मातीच्या गोळ्यासकट आणलेले कांदे भिकाजीने कुंड्यांत भरले आणि कुंड्या दारात मांडल्या. रिकामी जागा होती ती टायरांच्या मधे मधे. तिथेच मांडल्या. आणि नवे पाहुणे म्हणून त्यांना रोज दोनदा आंघोळ.

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा नव्या दांड्यांनी पण मान कलती केली. लाल ठिपके पानांवर, दांड्यांवर, आता कळ्यांवरही. इकडे सिंधूकाकीने विहिरीकडचा ठेवलेला तो एक कांदाही लालसर पडल्याचा निरोप आला. पलीकडच्या दोन घरांतूनही आला. भिकाजी म्हणाला, "म्हणजे जात खरी. जाता थंय रंग देता." मग त्याने नारळाच्या झावळ्यांचे हीर मागितले. ते कमी पडले तेव्हा घरातल्या सगळ्या केरसुण्या सोडल्या. प्रत्येक वाकलेल्या दांड्याला मागून एक हीर आणि तीन ठिकाणी सुतळी. सगळी लिली ताठ झाली. घरात केर काढायला काही उरलं नाही.

"बाबा, माझ्या लग्नात फुलांना प्लास्टर घातलंय," सायली म्हणाली.

"फूल वर बघतंय ना? मग झालं."

आणि खरं सांगायचं तर माटव बघण्यासारखा झाला. खांबाखांबाला लिली, दोन्ही बाजूंनी कुंड्यांची रांग, केशरी फुलांवर लाल शिंतोडे. अशी फुलं कोणी बघितलेली नव्हती. वऱ्हाडाची बस कोरगावहून आली आणि बायका उतरल्या उतरल्या नवरीला सोडून कुंड्यांपाशीच जमल्या. एक मावशी म्हणाली, "अगो बाय, काय रंग हो." दुसरी म्हणाली, "खंयची जात?" भिकाजी फेटा सांभाळत त्यांच्यामधून फिरत होता. "रक्तचंदन," तो सांगत होता. "दुसरीकडे नाही मिळायची."

सुमंगलाबाई शेवटी उतरल्या. माटवाखाली आल्या. त्यांनी वर बघितलं. मग पुढच्या खांबाकडे बघितलं. मग एका कुंडीपाशी वाकल्या आणि चष्मा लावला. भिकाजी जवळ जाऊन उभा राहिला. मालती पन्ह्याचं ताट घेऊन मागे.

"ही जात कुठली म्हणालात, व्याहीबुवा?"

"माझी स्वतःची."

"हं." त्यांनी एक पान उलटं केलं. "आमच्या गोठ्यामागे तीन कुंड्या होत्या. करपा लागलेल्या. जाळायच्या म्हणून लाल फीत बांधून लांब नेऊन ठेवल्या होत्या. बोलण्यांच्या दिवशी त्यातली एक रिकामी झाली."

"असं?"

"मी म्हटलं, रानडुक्कर आलं."

"रानडुक्करच असणार," भिकाजी म्हणाला. "पेडण्याकडे फार झालीत."

"डुकराने कांदा काढून वरची माती नीट दाबून ठेवली होती."

मालतीने पन्ह्याचं ताट घाईने पुढे केलं. सनईवाल्याने नेमका तेव्हाच श्वास घ्यायला सनई खाली घेतली.

"विहीणबाई," भिकाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज जराही खाली गेला नव्हता, "माणूस वाईट बागेतलं काही उचलत नाही. हा तुमच्या बागेचा मान आहे."

सुमंगलाबाईंनी हातातलं पान सोडून दिलं. मग त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली. "त्या दिवशी मला वाक्य पुरं करू दिलं असतंत, तर माझ्या बागेचा एवढा मान झाला नसता." त्यांनी चष्मा काढला. "आता ऐका. माटव मला पसंत आहे. विकतचं फूल एक नाही, शब्द तुम्ही पाळलात. पण उद्या सकाळी हे सगळं जाळायचं. कांदे, पानं, दांडे, सगळं. माझी सगळी नर्सरी लिलीवर चालते. मी माझ्याकडून ही पीडा काढायला अख्खा उन्हाळा घालवलाय. ह्यातला एक जरी कांदा कोरगावात दिसला, तर डुकराची गोष्ट मी बारशाला सांगेन. प्रत्येक बारशाला."

"एक कांदा जाणार नाही," भिकाजी म्हणाला. "माझा शब्द. मी स्वतः राखण बसतो."

लग्न लागलं. अक्षता पडल्या. भिकाजीने मंगलाष्टकं संपेपर्यंत एक डोळा सायलीवर आणि एक कुंड्यांवर ठेवला. पंगती उठल्या. खतखतं, वडे, मणगणं, सगळं रीतसर झालं. मग वऱ्हाड आडवं झालं. बसला निघायला अजून अवकाश होता आणि ऊन मी म्हणत होतं. माटवात चटया पडल्या, बायका कुंड्यांच्या सावलीला टेकल्या, सुमंगलाबाई आतल्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, पंख्याखाली लवंडल्या. भिकाजी खांबाला पाठ लावून राखणीला बसला. कित्येक आठवड्यांत त्याला दुपारची झोप मिळाली नव्हती. दुसऱ्यांना झोपवण्यातच त्याच्या दुपारी गेल्या होत्या. आता लग्न लागलं होतं, माटव पसंत होता, विहीण हसली होती, निदान एका बाजूने. त्याने क्षणभर डोळे मिटले.

मालतीने त्याला हलवलं तेव्हा बस सुरू झाली होती. सायली रडत होती, गौरेश तिला रुमाल देत होता. मावश्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आहेराच्या, ओटीच्या, सगळ्या चांगल्या भरलेल्या. भिकाजीने डोळे पुसले आणि बस वळणाआड जाईपर्यंत हात हलवला, आणि माटवाकडे वळूनही न बघता घरात जाऊन परत आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणात नारळाची सोडणं रचली, वर रॉकेल ओतलं आणि वाड्याला हाक मारली. सिंधूकाकी तिचा विहिरीकडचा कांदा घेऊन आली. बाकीचेही आपापले आणून टाकायला लागले. सिद्धेशलाही फोन करून झाला होता: शेजारीण ऐकायला तयार झाली म्हणून. मग भिकाजी माटवातल्या कुंड्या आणायला गेला.

कुंड्या जागच्या जागी होत्या. हीर आणि सुतळ्या खाली पडल्या होत्या. लिली नव्हती. टायरांतही नव्हती. प्रत्येक कुंडीत आणि प्रत्येक टायरात माती नीट दाबून ठेवलेली होती.

"रानडुक्कर," मालती म्हणाली.

भिकाजी सोडणांपाशी येऊन बसला. सोडणं पेटली होती, त्यात वाड्याचे मोजके कांदे चरचरत होते. त्याचा फोन वाजला. सायली होती.

"बाबा, काल आमची बस अर्ध्या कोरगावात थांबत आली. सगळ्या मावश्या उतरल्या आणि आज सकाळी सगळ्यांच्या दारात लिली लावलीय. सासूबाई फाटकात उभ्या आहेत. त्यांना काय सांगू?"

"सांग, लागाची नाय," भिकाजी म्हणाला.

कांदे एकूण एक लागले.